कागदाचे पुत्र

या मंडपात बसलेल्या वडीलधाऱ्या मंडळींपैकी किती जणांची जन्मतारीख १ जून आहे असे विचारले, तर बरेच हात वर होतील याविषयी आम्हांस शंका नाही. आमच्या स्वतःच्या शाळेच्या दाखल्यावरही तीच तारीख आहे. आमची आई सांगत असे की, आमचा जन्म नागपंचमीच्या आदल्या रात्री, पाऊस कोसळत असताना झाला. पण आमचा हात धरून शाळेत नाव घालायला आलेल्या आजोबांना इंग्रजी तारीख ठाऊक नव्हती, मास्तरांना रकाना भरायचा होता आणि शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होत असल्याने १ जून ही तारीख सर्वांच्याच सोयीची होती. मास्तरांनी लबाडी केली असे आजवर कोणी म्हटलेले नाही. नोकरी त्याच तारखेवर लागली, निवृत्तीही त्याच तारखेवर झाली. आता अशी कल्पना करा की, एका परक्या देशाच्या बंदरात आमची आई एका खोलीत आणि आम्ही दुसऱ्या खोलीत बसलो आहोत आणि एक अधिकारी दोघांना तोच प्रश्न विचारीत आहे. आई म्हणते नागपंचमीची आदली रात्र, आम्ही म्हणतो १ जून. अधिकारी शांतपणे लिहून घेतो : साक्षीत विसंगती, सबब हा या बाईचा मुलगा नव्हे.

ही कल्पना वाटते तितकी विचित्र नाही. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सुमारे साठ वर्षे हाच प्रकार कायद्याने चालू होता. देशात प्रवेश मागणाऱ्यांच्या अर्जांतील लबाडी कशी पकडावी आणि कशी रोखावी, हा प्रश्न आज पुष्कळ देशांपुढे आहे. त्यावर वर्तमानपत्रांतून जे लिहिले जाते त्यात हा जुना अनुभव क्वचितच कोणी लक्षात घेतो. आम्ही आज ती हकीकत सांगणार आहोत.

१८४८ च्या जानेवारीत कॅलिफोर्नियात सोने सापडले. दक्षिण चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातील, मोती नदीच्या मुखाजवळच्या काही तालुक्यांतून लोक जहाजे भरभरून निघाले. सॅन फ्रान्सिस्कोला त्यांनी नावच 'सोन्याचा डोंगर' असे दिले होते. सोने लवकरच आटले. पण रेल्वे बांधायची होती. सिएरा नेवाडाच्या खडकांत सुरुंग लावून पूर्व-पश्चिम लोहमार्ग जोडणाऱ्या कंपनीने हजारो चिनी मजूर कामावर घेतले, आणि १० मे १८६९ रोजी युटा प्रांतात तो मार्ग पुरा झाला. काम संपले, मंदी आली, आणि कालपर्यंत कष्टाळू म्हणून नावाजलेला मजूर आज गोऱ्या मजुराच्या तोंडचा घास काढणारा ठरला. राजकारणी लोकांना याहून सोपा विषय कोणता मिळणार ? ६ मे १८८२ रोजी राष्ट्राध्यक्ष आर्थर यांच्या सहीने कायदा झाला : चिनी मजुरांस दहा वर्षे प्रवेश बंद. एका विशिष्ट देशाच्या मजुरांना नाव घेऊन अडविणारा अमेरिकेचा हा पहिला मोठा कायदा. पुढे त्याची मुदत वाढत गेली आणि १९०४ मध्ये तो कायमचा झाला.

या कायद्यात एक फट ठेवलेली होती, आणि आमच्या आजच्या विषयाचा उगम त्या फटीत आहे. व्यापारी, शिक्षक, विद्यार्थी आणि प्रवासी यांना बंदी नव्हती. म्हणजे बंदरात उतरणारा माणूस चिनी आहे एवढे पाहून भागत नव्हते. तो कोण आहे हे ठरवावे लागे. आणि माणूस कोण आहे हे ठरविण्याचे सरकारजवळ एकच साधन असते, ते म्हणजे कागद. इनाम कमिशनने आपल्याकडे सनदा मागितल्या तेव्हा काय घडले हे या व्याख्यानमालेच्या श्रोत्यांना सांगायला नको. ज्याची सनद वाळवीने खाल्ली तो खरा असून खोटा ठरला.

कागदाची महती वाढविणाऱ्या सरकारने स्वतःच्या कागदाची पत मात्र राखली नाही. कायद्यापूर्वी येऊन राहिलेल्या मजुराला मायदेशी जाऊन परत यायचे असेल, तर त्याला परतीचा दाखला मिळत असे. १ ऑक्टोबर १८८८ रोजी नवा कायदा करून असे सर्व दाखले एका फटक्यात रद्द करण्यात आले. त्या दिवशी सुमारे वीस हजार लोक तो दाखला खिशात घेऊन चीनमध्ये किंवा समुद्रावर होते. त्यांच्यातील चाइ चान पिंग नावाचा मजूर बारा वर्षे कॅलिफोर्नियात राहिलेला होता. तो हाँगकाँगहून निघाला तेव्हा त्याचा दाखला चांगला होता. ८ ऑक्टोबरला सॅन फ्रान्सिस्कोच्या बंदरात पोहोचला तेव्हा ती रद्दी झाली होती. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढला. १८८९ मध्ये निकाल लागला की, परकीयांना बाहेर ठेवणे हा राष्ट्राच्या सार्वभौमत्वाचाच भाग असून त्यासाठी दिलेला शब्द केव्हाही मागे घेता येतो. न्यायशास्त्राच्या दृष्टीने या निकालावर पुष्कळ लिहिले गेले आहे. चिनी वस्तीने त्यातून जो बोध घेतला तो साधा होता : खरा कागदही वाचवीत नाही.

१८९२ च्या कायद्याने उरलेल्यांवर नोंदणी लादली. प्रत्येक चिनी मजुराने वास्तव्याचा दाखला जवळ बाळगावा, पुढील वर्षीच्या दुरुस्तीप्रमाणे त्यावर छायाचित्र असावे, आणि दाखला नसलेला सापडल्यास आपण येथे पूर्वीपासून राहत होतो हे त्याने निदान एका विश्वासू गोऱ्या साक्षीदाराकडून सिद्ध करावे, असा तो कायदा होता. दहावीस वर्षे शेजारी राहिलेल्या चिनी माणसाची साक्ष त्या कामी चालत नव्हती. १९०३ च्या सुमारास माणसाच्या हातापायांची आणि डोक्याची मापे घेण्याची, गुन्हेगारांसाठी फ्रान्समध्ये निघालेली पद्धतही चिनी लोकांवर लागू करण्यात आली. लबाडी ओळखण्याची जी जी नवी युक्ती निघे, तिचा पहिला प्रयोग यांच्यावर होई.

याच काळात न्यायालयाने दुसरे एक दार उघडले. वाँग किम आर्क हा सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेला स्वयंपाकी १८९५ मध्ये चीनहून परतला असता त्याला अडविण्यात आले. १८९८ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध दोन मतांनी सांगितले की, अमेरिकेच्या भूमीवर जन्मलेला मनुष्य, आईबाप कोणीही असोत, अमेरिकेचा नागरिक होय. आता नागरिकाची चीनमध्ये जन्मलेली मुलेही त्या वेळच्या कायद्याप्रमाणे नागरिक ठरत. म्हणजे ज्याला आपला जन्म सॅन फ्रान्सिस्कोतील असे दाखविता येईल, त्याला स्वतःला राहता येई आणि मुलांनाही आणता येई. साक्षीपुराव्याने जन्म सिद्ध करणाऱ्यांची रीघ लागली. या सर्व साक्षी खऱ्या मानल्या तर त्या काळी अमेरिकेत असलेल्या प्रत्येक चिनी बाईला शेकड्यांनी मुले झाली असली पाहिजेत, अशा अर्थाचा शेरा एका न्यायाधीशाने मारल्याचे सांगतात.

आणि मग १९०६ साल उजाडले. १८ एप्रिलच्या पहाटे सॅन फ्रान्सिस्को भूकंपाने हादरले, पाठोपाठ आग लागली, आणि नगरभवनासह जन्ममृत्यूच्या नोंदी जळून गेल्या. शहराची राखरांगोळी झाली ती चिनी वस्तीचीही झाली. परंतु त्या राखेतून एक विलक्षण संधी निर्माण झाली. 'माझा जन्म याच शहरात झाला, नोंद जळाली,' असे म्हणणाऱ्याचे म्हणणे खोटे पाडायला आता कोणताच कागद उरला नव्हता.

यातून जो व्यवहार उभा राहिला त्याची रचना नीट समजून घेतली पाहिजे. नागरिक ठरलेला मनुष्य दोनचार वर्षांनी गावी जाई, वर्षभर राहून परते आणि बंदरावर अधिकाऱ्याला सांगे की, या मुक्कामात मला मुलगा झाला. अधिकारी नोंद करी. बहुतेक वेळा मुलगाच. मुलगी झाल्याची नोंद फार थोडी सापडते. कधी मुलगा खरोखर झालेला असे, कधी मुलगी झालेली असे, कधी काहीच झालेले नसे. पण नोंद झाली की सरकारी दप्तरात एका मुलाची जागा तयार झाली. ही जागा पंधरावीस वर्षांनी कामाला येई. स्वतःचा मुलगा नसेल तर पुतण्याला, भाच्याला, नाहीतर गावातल्या कोणालाही ती विकता येई. वयाच्या दर वर्षाला सुमारे शंभर डॉलर असा भाव असल्याचे त्या पिढीतील लोकांनी पुढे सांगितले आहे. जागा विकत घेणारा आपले नाव, आपले आईबाप, आपले गाव मागे टाकून दुसऱ्या घराचा मुलगा होई. चिनी लोकांनी याला समर्पक नाव दिले : कागदाचा मुलगा. याच धर्तीवर कागदाचे व्यापारीही होते. एका लहानशा किराणा दुकानाच्या वहीत पाहावे तो भागीदारांची भली मोठी यादी असे.

येथे थोडे थांबून, त्याच १९०६ सालच्या दुसऱ्या एका घटनेकडे श्रोत्यांचे लक्ष वेधावेसे वाटते, कारण ती आपल्या घरची आहे. ट्रान्सवालच्या सरकारचीही हीच तक्रार होती की, हिंदी लोक खोट्या परवान्यांवर आत शिरतात. म्हणून प्रत्येक हिंदी माणसाने पुन्हा नोंदणी करावी आणि दहाही बोटांचे ठसे द्यावेत. ११ सप्टेंबर १९०६ रोजी जोहान्सबर्गच्या एम्पायर नाट्यगृहात सभा भरली आणि हा कायदा मानायचा नाही अशी शपथ घेण्यात आली. १६ ऑगस्ट १९०८ रोजी हमीदिया मशिदीपुढे दोन हजारांवर दाखल्यांची होळी झाली. गांधीजींनी आपल्या आत्मकथेत तेथील आशियाई खात्याची हकीकत दिली आहे, तीही पाहण्यासारखी आहे. हक्क असलेल्यांना परवाना मिळत नसे आणि हक्क नसलेले पैसे चारून आत येत. गांधीजींनी पुरावा गोळा केला, दोन अधिकाऱ्यांवर खटला झाला, पंचांनी त्यांना सोडले. तरी सरकारला त्यांना नोकरीतून काढावेच लागले. तेथे लोक उघडपणे एकत्र उभे राहिले. सॅन फ्रान्सिस्कोत प्रत्येक जण एकेकटा, अंधारात, आपली वाट काढीत राहिला. १८९२ च्या नोंदणीला चिनी संघटनांनीही प्रथम एकजुटीने नकार दिला होता, न्यायालयात गेल्या होत्या आणि १८९३ मध्ये हरल्या होत्या, हे या तुलनेत विसरता कामा नये.

सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात एंजल आयलंड नावाचे बेट आहे. देवदूताच्या नावाच्या या बेटावर २१ जानेवारी १९१० रोजी आगमन-तपासणीचे ठाणे सुरू झाले. वरच्या वर्गाच्या उतारूंची तपासणी बोटीवरच होऊन ते शहरात जात. चिनी उतारूंना लहान बोटीत घालून बेटावर नेत. लाकडी बराकी, एकावर एक पलंग, भोवती कुंपण. पुरुष एकीकडे, स्त्रिया दुसरीकडे. नवराबायकोलाही निकाल लागेपर्यंत भेटता येत नसे. कोणी काही दिवसांत सुटे, पुष्कळांना काही आठवडे लागत, अपील वॉशिंग्टनला गेले की महिने जात, आणि काही दुर्दैवी जीवांची तर जवळजवळ दोन वर्षे त्या बेटावर गेली. भिंतींच्या लाकडावर त्यांनी कविता कोरल्या. १९७० मध्ये पाडायला काढलेल्या त्या इमारतीत एका उद्यानरक्षकाच्या नजरेस त्या पडल्या आणि इमारत वाचली. दोनशेहून अधिक कविता आतापर्यंत नोंदविल्या गेल्या आहेत.

तपासणीची पद्धत अशी. एका टेबलाशी दोन अधिकारी, एक लघुलेखक आणि एक दुभाषी. संगनमत होऊ नये म्हणून दर बैठकीस दुभाषी बदलत. समोर अर्जदार, बहुधा पंधरावीस वर्षांचा पोरगा. मुलगा आहे की नाही हे पाहण्याचा दुसरा मार्ग नसल्याने, मुलाला जे ठाऊक असलेच पाहिजे ते विचारायचे असा नियम होता. तुमच्या गावात घरांच्या ओळी किती ? तुमचे घर कितव्या ओळीत, कितवे ? दाराला पायऱ्या किती ? तांदळाची कणगी कोठे ठेवता ? जमीन फरसबंदी आहे की मातीची ? घरात घड्याळ आहे काय, कोणत्या भिंतीला ? विहीर कोणत्या दिशेस ? तिसऱ्या घरातील म्हाताऱ्याला मुलगे किती, त्यांतील कोण वारले ? आजीला कोठे पुरले ? शेकडो प्रश्न, दोनदोन तीनतीन दिवस. नंतर तेच प्रश्न बापाला, काकाला, भावाला, वेगवेगळे बसवून. नंतर दोन्ही जबान्या शेजारी ठेवून जुळणी.

ही परीक्षा आम्ही आमच्या घरी करून पाहिली. आमच्या जुन्या वाड्याच्या जिन्याला पायऱ्या किती, असे आम्ही थोरल्या बंधूंना पत्राने विचारले. त्या जिन्यावरून आम्ही दोघे वीस वर्षे चढलो-उतरलो. आमचे उत्तर चौदा होते, बंधूंनी पंधरा कळविले. वाड्यात जाऊन मोजल्या तेव्हा तेरा भरल्या. आता आम्हां दोघांपैकी आईबापांचा मुलगा कोण नव्हे, ते बेटावरच्या साहेबाने ठरवावे.

चिनी अर्जदारांची अडचण याहूनही मोठी होती. त्यांच्याकडे मूल जन्मले की ते एक वर्षाचे धरतात आणि नव्या वर्षाच्या दिवशी आणखी एका वर्षाने मोठे होते. महिने चांद्रमानाचे. पुरुषाला लहानपणी एक नाव, लग्नात दुसरे. आपल्याकडे तिथी आणि तारीख यांचा जो घोळ होतो आणि सासरी गेलेल्या मुलीच्या नावांचा जो घोळ होतो, तो तेथे एकाच माणसाच्या जबानीत एकत्र होई. त्यातून बाप पंधरा वर्षांपूर्वी गाव सोडून गेलेला. तो ज्या घराचे वर्णन करतो त्या घराला मध्यंतरी नवे दार बसलेले असते. दोघेही खरे बोलत असतात आणि उत्तरे जुळत नाहीत. ज्याच्या नावाने जन्मसिद्ध नागरिकत्वाचा निकाल आजही ओळखला जातो, त्या वाँग किम आर्कचा थोरला मुलगा १९१० मध्ये या बेटावर आला, तेव्हा जबान्यांत विसंगती दाखवून त्याला परत पाठविण्यात आले.

मग लोकांनी काय केले ? त्यांनी अभ्यास केला. गावाचा नकाशा, घरांची यादी, तीन पिढ्यांची वंशावळ, संभाव्य प्रश्न आणि त्यांची उत्तरे असे पढाईचे कागद तयार होऊ लागले. हाँगकाँगहून येणाऱ्या बोटीवर तीन आठवडे पोरगे ते घोकीत आणि बंदर दिसू लागले की समुद्रात टाकून देत. बेटावर पोहोचल्यानंतर एखादा नवा प्रश्न विचारला गेला, तर शहरातील नातेवाईक स्वयंपाकघरातील नोकरांमार्फत उत्तर आत पाठवीत. शेंगांच्या टरफलांत, फळांच्या सालीत दडविलेल्या चिठ्ठ्या सापडल्याच्या हकीकती आहेत. हे कागद खोट्या मुलांनी पाठ केले यात नवल नाही. नवल हे की, खऱ्या मुलांनाही ते पाठ करावे लागले. आपल्याच घराच्या पायऱ्या, आपल्याच आजीची कबर, बापाने पूर्वी अधिकाऱ्याला काय सांगितले आहे त्याबरहुकूम, घोकून म्हणावी लागली. आणि बापाने कधी काळी एखादा नसलेला मुलगा नोंदविला असेल, तर खऱ्या मुलालाही त्या नसलेल्या भावाचे वय, नाव आणि शाळा पाठ करावी लागे.

अधिकाऱ्यांच्या बाजूचे बोलायचे झाले, तर त्यांतील पुष्कळ जण आपले काम मन लावून करीत. समोरचा पोरगा पढून आला आहे हे त्यांना दिसत असे. परंतु पढलेला खरा आणि पढलेला खोटा यांत भेद कसा करावा, हे त्यांना ठाऊक नव्हते. मग ते प्रश्न अधिक बारीक करीत, आणि दुसऱ्या वर्षीचे पढाईचे कागद तितकेच जाड होत. उत्तरे जुळली नाहीत तर मुलगा खोटा, आणि फारच चांगली जुळली तर शिकविलेला ! अखेरीस बहुतेक अर्जदार आत आलेच. ज्याची पाठांतरशक्ती चांगली, ज्याच्या नातेवाइकांना वकील परवडला तो पार झाला. बावरणारा, तोतरा, गरीब अडकला. या परीक्षेत लबाडीची पारख झाली असे आम्हांस वाटत नाही; पारख झाली ती तयारीची.

शिवाय जेथे एका सहीला एवढी किंमत येते, तेथे सही विकत घेणारे आणि विकणारे दोघेही निर्माण होतात. १९१५ नंतर वॉशिंग्टनहून डेन्समोर नावाचे कायदेतज्ज्ञ अधिकारी या ठाण्याच्या चौकशीस आले. दप्तरातून कागद पळविणे, छायाचित्रे बदलणे, जुन्या जबान्यांच्या नकला बाहेर पुरविणे, हे सारे खात्यातील माणसांच्या हातून चालत असल्याचे निघाले आणि १९१७ च्या सुमारास अनेकांना नोकरी गमवावी लागली. लबाडी रोखण्यासाठी जमविलेले दप्तर हेच लबाडीचे भांडवल झाले होते.

१९४० च्या ऑगस्टमध्ये बेटावरील कचेरीची इमारत आगीत जळाली आणि ठाणे बंद झाले. १९४३ मध्ये, चीन युद्धातला मित्र झाल्यावर, बंदीचा कायदाही रद्द झाला. त्या जागी वर्षाला १०५ चिनी माणसांची मर्यादा आली. म्हणजे कागदी मुलांचे कारण फारसे दूर झाले नाही. १९४९ नंतर चीन कम्युनिस्ट झाला आणि जुन्या संशयाला नवे टोक आले. १९५५ च्या अखेरीस हाँगकाँग येथील अमेरिकी वाणिज्यदूत ड्रमराइट यांनी लांबलचक अहवाल पाठविला की, नागरिकत्वाच्या या अर्जांत लबाडीचा सुळसुळाट असून त्या वाटेने हेर शिरतील. पुढील वर्षी सॅन फ्रान्सिस्कोतील चिनी कुलसंघांना आपली सारी दप्तरे घेऊन हजर होण्याचे हुकूम सुटले; न्यायालयाने ते अतिव्याप्त म्हणून फेटाळले. रक्तगट तपासून बाप-लेकाचे नाते पडताळण्याचा उपायही याच दशकातला. तो चिनी अर्जदारांवरच वापरला जातो अशी तक्रार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. १९५७ मध्ये त्या खटल्यातील तपासणीच्या अहवालांत चुका असल्याचे सरकारच्या वकिलांनाच मान्य करावे लागले आणि प्रकरण फेरतपासणीसाठी परत गेले.

अखेर सरकारने वेगळा मार्ग धरला. १९५६ पासून १९६५ पर्यंत कबुलीची योजना चालली. आपण कागदाचा मुलगा आहोत असे जो स्वतः सांगेल, त्याला शक्य तेथे देशात राहू द्यावे, पुढे रीतसर नागरिक होऊ द्यावे, असे तिचे स्वरूप. सुमारे चौदा हजार लोकांनी कबुली दिली. परंतु एकाची कबुली एकट्याची राहत नाही. मी अमक्याचा मुलगा नव्हे असे म्हटले की, तो अमका खोटा ठरतो, त्याचे बाकीचे मुलगे संशयात येतात, माझ्या नावावर आलेली माझी बायकामुले उघडी पडतात. या कबुल्यांतून बावीस हजारांहून अधिक लोकांची नावे बाहेर आली आणि दप्तरातील अकरा हजारांवर जागा कायमच्या बंद झाल्या. माफीचे लेखी अभिवचन कोणाला दिलेले नव्हते. बहुतेकांना राहू दिले हे खरे; पण डाव्या विचारांच्या मंडळींना हीच कबुली गोवण्यासाठी वापरली गेली, हेही खरे. भाऊ कबुली देऊ इच्छितो आणि बहीण हातापाया पडून नको म्हणते, असे प्रसंग घराघरांत घडले.

तरीसुद्धा पन्नास वर्षांच्या उलटतपासणीने जे साधले नाही, ते या योजनेने पुष्कळ अंशी साधले, असे आमचे मत आहे. खरे बोलणाऱ्याला काही मिळेल अशी सोय प्रथमच झाली होती. १९६५ मध्ये देशवार मर्यादांचा जुना कायदा गेला आणि आपल्या खऱ्या बापाच्या, खऱ्या भावाच्या नात्याने अर्ज करता येऊ लागला, तेव्हा कागदी मुलांची जागा कोणी विकत घेईनासे झाले.

प्रवेशाच्या दारावर कोणी पाहूच नये, असे आम्हांस सुचवायचे नाही. खोटा कागद विकणारे दलाल गरिबाला लुटतात, हे आम्ही आपल्याकडेही पाहतो. परदेशात नोकरी देतो म्हणून घर गहाण टाकायला लावणारे एजंट काही कमी नाहीत. पुरावा मागावाच. परंतु पुरावा कोणता आणि कशासाठी, याचे एक निराळे उदाहरण येथे नमूद करण्यासारखे आहे. १९८४ मध्ये इंग्लंडातील लेस्टर येथे अलेक जेफ्रीज या शास्त्रज्ञाने माणसाच्या डीएनएवरून त्याची ओळख पटविण्याची पद्धत शोधली. तिचा पहिला उपयोग खुनाच्या तपासात झाला असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात तो १९८५ मध्ये एका मुलासाठी झाला. घानाहून इंग्लंडात आईकडे परतलेल्या या मुलाचा पासपोर्ट बनावट असावा, आणि तो त्या बाईचा मुलगा नसून भाचा असावा, असा अधिकाऱ्यांना संशय होता. तपासणीअंती तो तिचाच मुलगा निघाला. कागद, जबानी आणि साहेबाची नजर यांनी खोटा ठरविलेला मुलगा रक्ताने खरा ठरला.

एंजल आयलंडवरच्या जबान्या आज सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या सॅन ब्रूनो येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. नातवंडे आणि पतवंडे तेथे जाऊन फाइल मागतात. पिवळ्या कागदांवर टंकलिखित प्रश्नोत्तरे, आजोबांचे सतरा-अठराव्या वर्षीचे घाबरलेले छायाचित्र, कधी गावाचा हाताने काढलेला नकाशा असे त्यांत निघते. ओळी, घरे, विहीर, देऊळ, सारे जागच्या जागी असते. फक्त ते गाव आजोबांचे असेलच असे नाही. काही कुटुंबांनी कबुलीनंतर आपले मूळ आडनाव पुन्हा धारण केले. काहींनी, मुले शाळेत त्याच नावाने गेली, दुकानावर तीच पाटी लागली, म्हणून कागदावरचेच ठेवले. तिकडच्या दफनभूमीत अशा थडग्यांच्या शिळा आहेत की, ज्यांवर इंग्रजी अक्षरांत एक आडनाव आहे आणि चिनी लिपीत दुसरे. एकाच आजोबांची नातवंडे तेथे आज दोन वेगवेगळी आडनावे लावतात, आणि लग्नकार्यात एका पंगतीला बसतात.